करगा

मला संशय घ्यायची सवय आहे, आणि ती मी धानाच्या बांधीत शिकले. आमच्याकडे दवनीवाड्याला रोवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की काही दिवसांनी बायका निंदायला उतरतात. साधं गवत कोणीही उपटतं. खरी परीक्षा करग्याची. करगा म्हणजे रानटी धान. पान धानासारखं, खोड धानासारखं, उंचीही जवळपास तेवढीच. तो आपल्या धानाच्या रांगेत उभा राहून आपलंच खत खातो, आणि लोंब आली की दाणा नीट पिकायच्या आधीच चिखलात झाडून मोकळा होतो, म्हणजे पुढच्या वर्षीही तोच हजर. कृषी खात्याचा एक माणूस एकदा बांधावर उभं राहून सांगून गेला की हे नुसतं रानटी नाही, रानटी धान आणि तुमचं धान यांची ही मिसळ आहे. काही जण मुद्दाम जांभळ्या पानाचं धान लावतात, म्हणजे हिरवा दिसेल तो करगा. मला त्याची गरज पडत नाही. बुडाशी हात घातला की मला कळतं. गावातल्या बायका म्हणतात, हिच्या नजरेतून करगा सुटत नाही आणि माणूसही सुटत नाही. हे कौतुक आहे की टोमणा, याचाही मला संशयच आहे.

तर माझ्या मुलासाठी अर्जुनी मोरगावचं स्थळ आलं तेव्हा मी तशाच नजरेनं गेले. मुलाचं गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स. घर नीटनेटकं, बाप धानाचा शेतकरी, बोलायला मऊ. पोहे झाले, चहा झाला. आमच्या ह्यांनी नेहमीसारखं पाण्यापावसाचं काढलं. तेवढ्यात मुलगी खुर्ची पुढे ओढून माझ्यासमोरच बसली.

"काकू, एक गोष्ट आधीच सांगते. माझ्या रक्तात सिकलसेल आहे. मी आजारी नाही, मी वाहक आहे. अर्धा दोष म्हणा. तुमच्या मुलाचा तपास करून घ्या. तो साफ निघाला तर काही अडचण नाही. दोघंही वाहक असलो तर लेकरू आजारी निघू शकते, आणि ते मी होऊ देणार नाही."

तिच्या बापानं मान खाली घातली. तिची आई आत निघून गेली. आमचे हे चहाच्या रिकाम्या कपातून आणखी एक घोट प्यायले.

इतकं खरं बोलणाऱ्या माणसाचा मला सर्वांत आधी संशय येतो. आपला दोष आपल्या तोंडानं सांगते म्हणजे त्याच्यामागे याहून मोठा काही दडवला असणार. आणि वर आमच्या मुलाचा तपास करा म्हणते! म्हणजे आमच्यातही असू शकतं असं ती आमच्याच तोंडावर म्हणत होती. परतीच्या गाडीत मी ह्यांना तेच म्हटलं.

"पोट्टी त बरी हाये," हे म्हणाले.

"बरी हाये म्हनूनच त इचार करून राहिली. नोकरी हाये, दिसाले चांगली हाये, मंग आतापावतर लगन काऊन नाई झालं?"

"तिनं सांगतलं ना काऊन ते."

मुलगा खिडकीजवळ बसून हसत होता. त्याला ती आवडली होती, हे मला त्याच्या हसण्यावरूनच कळलं आणि मला ते आवडलं नाही. त्या दिवसापासून दोघांचे फोन सुरू झाले होते, हे मला पुढे कळलं.

आमच्यात हा आजार नसतो, अशी माझी पक्की समजूत होती. कुठून आली ही समजूत? माझ्या बाबांकडून. माझं माहेर कामठ्याचं. बाबा आता खूप थकले आहेत, थोरल्या भावाकडे सपरीत, म्हणजे ओसरीवर, खाटेवर बसून असतात, पण एक गोष्ट अजून ठणठणीत आवाजात सांगतात: आपले पूर्वज माळव्यातून आले, घोड्यावर आले, तलवारी घेऊन आले, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात धान पेरून राहिले. घोड्याचा रंगही ते सांगतात. त्या गोष्टीतून आम्हां लेकरांना एवढंच कळायचं की आपण इथले नाही, इथल्यांपेक्षा वेगळे आहोत आणि वेगळे म्हणजे चांगले. आजार, हिवताप, भुताखेताचं लागिर हे सगळं इथल्यांना होतं. आम्ही नुसते इथे राहतो.

माझी माय मात्र दक्षिणेकडची, जंगल आणि तलावांच्या बाजूची. आमच्याच लोकांतली, रीतसर बघून केलेली. तरी बाबा तिला आयुष्यभर "तिकडची" म्हणत राहिले. याला कारण होतं. माझ्या पाठचा एक भाऊ होता. आम्ही त्याला लहाना म्हणायचो. थंडी पडली की तो गुडघे धरून रडायचा. बोटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे. बाबांनी त्याला वैदूकडे नेलं, देवाला नेलं, गोंदियाच्या डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून लाल औषधाची बाटली दिली. चौथीत असताना तो गेला. त्यानंतर बाबांनी एक वाक्य बोलायला सुरुवात केली, आणि मायच्या तेराव्यापर्यंत ते थांबवलं नाही. "दोष तुह्या कुशीतच होता."

माय काही बोलायची नाही. तिचं सगळं बोलणं कमरछठीच्या दिवशी व्हायचं, तेही देवाशी. आमच्याकडे श्रावणाच्या वद्य पक्षात हा उपास बायका लेकरांच्या आयुष्यासाठी धरतात. त्या दिवशी नांगर लागलेलं काही खायचं नाही. शेतातलं धान चालत नाही. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, काठाला, पाणथळ जागी आपोआप उगवलेलं रानटी धान झाडून ठेवलेलं असतं, त्याचा तांबूस भात करायचा. त्याला पसहर म्हणतात. म्हणजे बघा, करग्याचाच सख्खा. वर्षभर ज्याला चिखलातून उपटून बांधावर फेकायचं, त्याच्याच नात्यातल्याला एका दिवशी पानावर घेऊन लेकरांचं आयुष्य मागायचं. लहाना गेल्यावरही मायनं उपास सोडला नाही. उरलेल्या आम्हां दोघांसाठी करायची. बाबा म्हणायचे, "करून का झालं?" ती तो तांबूस भात गिळत बसायची.

आता माझ्या मुलाच्या तपासाचं ऐका. आमच्या गावच्या उपकेंद्रात शिबिर लागलं, त्यात त्यानं रक्त दिलं. आधी बोटातून थेंब घेतात. त्यात काही दिसलं तर नावापुढे "संशयित" लिहून दंडातून आणखी रक्त काढतात आणि पुढे मोठ्या तपासाला पाठवतात. मुलाच्या नावापुढे संशयित लिहिलं होतं आणि नंतर वाहक असा निकाल आला.

मी विश्वास ठेवला असता तर ती मी कसली! शिबिरातली सिस्टर आणि अर्जुनीची ही नर्स, दोघी एकाच खात्यातल्या. सगळ्या नर्स एकमेकींच्या मावसबहिणी. पोरीचा दोष आहे ना, मग पोराच्याही माथी मारून टाका, म्हणजे बरोबरी झाली, कोणी कोणाला बोलायला नको. असा माझा हिशेब होता. आणि तो सिद्ध करायला मी एक सापळा लावला. त्याच सिस्टरकडे जाऊन मी बोट पुढे केलं. म्हटलं, माझं घे. माझं रक्त साफ, हे मला जन्मापासून माहीत. माझ्यातही दोष दाखवला की चोरी पकडली, मशीनही खोटी आणि सिस्टरही.

माझ्या नावापुढे संशयित लिहिलं गेलं. क्षणभर मला वाटलं, हे माझ्या स्वभावाबद्दलच लिहिलंय. पण मी खुशीत घरी आले. ह्यांना म्हटलं, बघा, माझ्यातही काढलं, आता बोला! पुढचा निकालही तसाच आला तेव्हा मी ह्यांना ओढत गोंदियाच्या खाजगी लॅबमध्ये नेलं. तिथे कोणी कोणाची मावसबहीण नव्हती. तिथे आम्ही दोघांनीही रक्त दिलं. ह्यांचं साफ. माझं तेच, वाहक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

लॅबच्या पायऱ्या उतरताना हे खो खो हसले. "बाप रे बाप! गावभर करगा उपटत फिरते अना करगा घरातच होता!"

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही गिळून मी बसस्टँडकडे चालू लागले. गाडीत बसल्या बसल्या मी कोणाला दोष दिला असेल? मायला. तिचं नाव मनात आलं आणि तिथेच थांबलं. तिकडची होती, तिच्याकडूनच आलं. बाबा म्हणत होते ते खरंच होतं तर. मेलेल्या बाईवर संशय घ्यायला काही कष्ट पडत नाहीत, ती उठून बोलत नाही.

घरी आल्यावर बैठक बसली. ह्यांच्या मते लग्न मोडायचं कारणच नव्हतं. माझ्या पुतण्याचं रक्त साफ आहे, त्याचा तपास झालेला होता. त्यालाच मुलाच्या नावानं दुसऱ्या लॅबमध्ये पाठवायचं, साफ कागद आणायचा आणि अर्जुनीला दाखवायचा. आमच्याकडे अशी कामं बिनबोभाट होतात. मतदानाच्या रांगेत एकाच्या जागी दुसरा उभा राहतो, मग रक्ताच्या रांगेत काय बिघडलं? ह्यांनी फोनवर कामठ्याच्या बाबांचाही सल्ला घेतला. ते म्हणाले, "आपल्या घरान्यात नाई म्हंजे नाई. तिच्या मायकडून आलं असन थोडंसं. त्या दुसऱ्या पोट्ट्याले पाठवा अना मोकळे व्हा."

मुलगा फोनमध्ये डोकं घालून म्हणाला, "पाहून घ्या तुमी." एवढंच. ना हो, ना नाही. आपल्या गप्प राहण्यानं तो आमच्याकडून खोटं बोलवून घेत होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मलाही त्या युक्तीत पाप वगैरे दिसलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. माझी अडचण एवढीच होती की पुतण्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. लग्नाच्या मांडवातच तो कोणाला तरी सांगणार. त्यापेक्षा मुलीकडेच काहीतरी मोठं शोधावं आणि स्थळ आपणच नाकारावं, हे मला जास्त सुरक्षित वाटत होतं. म्हणून रोवणी सुरू व्हायच्या आधी एक दिवस मी कोणाला न सांगता अर्जुनीची गाडी धरली. ओळखीची बाई बघायला आले असं सांगून दवाखान्यात शिरायचं, इकडेतिकडे विचारायचं, असा माझा बेत होता.

बेत दवाखान्याच्या दारातच संपला. मुलगी समोरून आली, हातात सलाईनची नळी. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "काकू, बसा. एक लेकरू फार रडून राहिलं, त्याला बघून येते."

मी बाकावर बसले. आतून ते रडणं येत होतं. मोठ्यानं नाही. धापा टाकत, मध्येच थांबत. खाटेवर एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि त्याची आई त्याच्या पायांवर गरम फडकं ठेवत होती. मी ते गुडघे ओळखले. इतकी वर्षं झाली तरी ओळखले. माय लहान्याच्या पायांवर तसंच फडकं ठेवायची, चुलीवर तापवून.

ती परत आली आणि माझ्या शेजारी बसली. मी विचारलं, "याले का झालं?"

"सिकलसेल. याचा पूर्ण आहे." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरी असं कोणाला होतं का, काकू?"

मी सगळं सांगून टाकलं. लहान्याचं, त्याच्या बोटांचं, पिवळ्या डोळ्यांचं. मग तोंड उघडलंच होतं म्हणून बाकीचंही निघालं. मुलाचा निकाल, माझा निकाल, पुतण्याला पाठवायचा बेतसुद्धा. हेरगिरी करायला गेलेली बाई स्वतःच सगळं ओकून बसली.

शेवटी मी म्हटलं, "हे माह्या मायकडून आलं. ती तुमच्याच बाजूची होती."

मुलीच्या डोळ्यांत राग होता का? मला तो असावासा वाटत होता, म्हणजे मला बरं वाटलं असतं. पण ती नुसतं समजावू लागली.

"आमच्या बाजूचं, तुमच्या बाजूचं असं नसते काकू. तुमच्यातला अर्धा एकट्या आईकडून आला असेल, किंवा एकट्या वडिलांकडून. पण पूर्ण आजार एकट्या आईकडून होतच नाही. अर्धा आईकडून आणि अर्धा वडिलांकडून, दोन्ही आले तरच होतो. तुमचा भाऊ याच आजारानं गेला का, ते आता कोणी खात्रीनं सांगू शकणार नाही, त्याचं रक्त आता कुठे आहे? पण गेला असेल तर तुमच्या वडिलांकडेही हा होता."

"आमचे लोक बाहेरून आले. त्यायच्यात कसा असन?"

"बाहेरून आले आणि इथेच राहिले ना? या भागात हिवताप फार होता. ज्यांच्यात हा अर्धा होता ती लेकरं हिवतापातून वाचायची, म्हणून हा टिकला. नंतर माणसं मिसळली, तसा हाही मिसळला. इथे किती जातींच्या लोकांचे कागद माझ्या हातातून जातात. एका घरात दोन भाऊ असले तर एकाचं साफ असते, एकाचं नाही."

मग तिनं हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आपलं जमायचं नाही, काकू. पोटात असताना तपास होतो, लोक लग्न करतात, त्यात चूक नाही. पण मी रोज हे रडणं ऐकते. माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही खरं सांगितलं, बरं केलं. मला कोणी सांगत नाही. फोनवर तुमचा मुलगाही नाही."

मी काय खरं सांगितलं होतं! माझ्या तोंडून निसटलं होतं. पण हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा बाबांच्या गोष्टीवर संशय घेतला. इतकी वर्षं मी दुकानदारावर, सिस्टरवर, होऊ घातलेल्या व्याह्यांवर, मायवर संशय घेतला, पण त्या घोड्यांवर कधी नाही. आता एकेक आठवून बघितलं. घोडे आहेत, तलवारी आहेत, एक पांढरी पगडी आहे, नदी ओलांडल्याचा प्रसंग आहे. बाया कुठेच नाहीत. एकही नाही. मग लेकरं कोणाला झाली? घोड्यावरचे ते पुरुष इथे येऊन धान पेरायला लागले तेव्हा त्यांना रोवणी कोणी शिकवली, भात कोणी रांधला, त्यांची लेकरं कोणी पोटात वागवली? करगा बुडापासून ओळखणाऱ्या बाईच्या हे ध्यानात यायला किती वर्षं लागावी, याची मला लाज वाटली.

लग्न मोडलं. मुलगा मला म्हणाला, "तूच तोडलं." मी म्हटलं, मी नाही तोडलं, मी फक्त बोलले. त्याला तो फरक पटला नाही. घरात तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला आणि हे पुतण्याला पाठवायचा बेत फसला म्हणून हळहळत राहिले. मला वाईट वाटत होतं, पण रात्री डोळे मिटले की ते पोटाशी घेतलेले गुडघे दिसायचे आणि ते माझ्या नातवाचे नसतील, एवढं समाधान वाटायचं.

मग मी कामठ्याला गेले. बाबा सपरीत खाटेवर होते.

"बाबा, आपले लोक मालव्यातून आले तवा कोन कोन आलं होतं?"

"कोन म्हंजे? मानसं आली. घोड्यावर."

"अना बाया?"

"आल्या असतीन मागून."

"कायच्यावर?"

"मले का मालूम! बैलबंडीवर आल्या असतीन."

"बंडीची गोष्ट त तुमी कदी सांगतली नाई. घोड्याचा रंग सांगता, तलवारीची मूठ सांगता, अना भात कोन रांधत होतं ते नाई सांगत. बाया इथच्याच असतीन, बाबा. इथच्या जंगलातल्या, इथच्या तलावावरच्या. तुमी ज्यायले तिकडच्या म्हनता, त्याच."

मी थांबले नाही. थांबले असते तर परत धीर झाला नसता. लहान्याचं सांगितलं, आणि अर्धं मायकडून अन् अर्धं बापाकडून आलं तरच हा आजार होतो, हेही सांगितलं.

"नर्सनं सांगतलं अना तू आयकून घेतलं?" बाबांचा आवाज चढला. "माह्या घरान्यात नाई. दोष तुह्या मायच्या कुशीत होता. आता मेल्यावर तिची वकिली करून राहिली का?"

मला संताप आला. बापावर इतका संताप मला कधी आला नव्हता. माय हे वाक्य ऐकत ऐकत म्हातारी झाली, आणि मीही ते ऐकत मोठी झाले, आणि मला ते खरं वाटलं होतं. त्या वाक्याला मी एकदाही "काऊन?" विचारलं नव्हतं. मी उठून निघाले. दारापर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला.

"तपासतेत कुठं?"

मी वळून बघितलं. बाबा सदऱ्याची बाही वर सारत होते.

मी काही फसले नाही. त्यांना पश्चात्ताप झाला नव्हता. त्यांना मला खोटं पाडायचं होतं, मीही त्या सिस्टरला तसंच खोटं पाडायला गेले होते. बापाची लेक आहे मी, दुसरं काय! पुढच्या शिबिराला भावानं त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. मी आधीच तिथे जाऊन थांबले होते. सिस्टर म्हणाली, "आजोबा, तुमाले या वयात कायले पाह्यजे?" बाबा म्हणाले, "घे. पाह्यजे तेवढं घे. साफ निघन."

सिस्टरनं थेंब घेतला, काचेच्या नळीत टाकला, नळी उजेडाकडे धरली. मग दंडाला पट्टी बांधायला घेतली. ती पट्टी कशासाठी असते हे बाबांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

मोठ्या तपासाचा निकाल यायला वेळ लागला. वहिनीनं फोन केला. "मामाजीचंबी तसंच आलं, ताई. अर्धं." मी विचारलं, ते काय म्हणाले? ती म्हणाली, चहा दिला तो तसाच राहिला. त्यानंतर सपरीत येणाऱ्या-जाणाऱ्याला घोड्यांची गोष्ट सांगणं त्यांनी बंद केलं. मला यातही डाव दिसला. वाटलं, म्हातारा आणखी एखादा तपास मागेल, किंवा मशीन खोटी म्हणेल. मी मशीन खोटी म्हणाले होते, मग ते का नाही म्हणणार?

कमरछठ आली. आमच्या बोडीच्या काठाला मागच्या वर्षी झाडून ठेवलेला पसहर होता, तो घेऊन मी सकाळीच कामठ्याला गेले, वहिनीबरोबर पूजा करायला. दुपारी अंगणात बायका जमल्या, लहानसा खड्डा खणून त्यात पाणी भरलं, कहाणी झाली. संध्याकाळच्या आत वहिनीनं तांबूस भात रांधला आणि म्हशीचं दही काढलं. बाबांसाठी तिनं सकाळीच नेहमीचा भात आणि वरण करून ठेवलं होतं. ते झाकलेलं ताट तसंच होतं.

"बाबा, जेवले नाई का?" मी विचारलं.

"नाई."

"तब्येत बरी नाई का?"

काठी टेकत ते सपरीतून आत आले, आणि आम्ही दोघी बसलो होतो तिथेच, जमिनीवर, माय बसायची त्या जागी बसले. गुडघे दुखत होते, बसायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी पानाकडे बघितलं.

"पसहर उरला हाये का माह्यापुरता?"

वहिनी माझ्याकडे बघू लागली. "मामाजी, हा त बायायचा उपास हाये. लेकरायसाठी."

"कोनासाठी हाये ते मले मालूम हाये," बाबा म्हणाले. मी त्यांच्यापुढे पान ठेवून भात वाढला. त्यांनी हात पुढे केला, थांबवला आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"तुही माय येकटीच करत होती. अर्धा उपास त माह्याकडे होता."